रेलून चालविण्याच्या सायकलीची मागील चौकट : दृढता, आराम आणि घरगुती कारागिरी यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सायकलीचा इतिहास प्रामुख्याने वेगाच्या आणि विक्रमांच्या अंगाने लिहिला गेला आहे. सायकलीवर बसणाऱ्या माणसाच्या पाठीला, मानेला आणि मनगटांना काय सोसावे लागले याचा इतिहास मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत शोधनिबंधात या दुर्लक्षित अंगाचा विचार एका विशिष्ट वाहनाच्या संदर्भात केला आहे. हे वाहन म्हणजे इंग्रजीत ‘रिकंबंट’ या नावाने ओळखली जाणारी, पाठ टेकून आणि पाय पुढे पसरून चालविण्याची सायकल होय.

नेहमीच्या सायकलीत पायटे स्वाराच्या खाली असतात, तर रिकंबंटमध्ये ते त्याच्या समोर असतात. आसन खुर्चीसारखे असून त्याला पाठ असते. ही सायकल आजही मोठ्या प्रमाणावर कारखान्यांतून तयार होत नाही. जुन्या सायकली कापून, नळ्या जोडून आपल्या घरच्या आवारात ती बांधणाऱ्या हौशी कारागिरांची परंपरा हे तिचे वैशिष्ट्य आहे. अशा प्रत्येक कारागिरापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. सायकलीचा मागचा भाग ताठ ठेवावा की थोडा लवू द्यावा? ताठ ठेवला तर हादरे थेट पाठीत जातात. लवू दिला तर पायांचे बळ वाया जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत कितपत खरी आहे आणि तिचे उत्तर इतिहासात कोठे सापडते, याचा शोध घेणे हा या लेखनाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) सायकलीतील हादऱ्यांच्या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकापासून दिल्या गेलेल्या उत्तरांचा आढावा घेणे.
२) १९३४ मधील स्पर्धा-नियमांचा रिकंबंट सायकलीच्या विकासावर झालेला परिणाम तपासणे.
३) मागील चौकटीची दृढता आणि स्वाराचा आराम यांतील संबंध साध्या गणिताच्या आधारे स्पष्ट करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विषयाचे स्वरूपच असे आहे की, इतिहासाच्या अभ्यासकाला येथे भौतिकशास्त्राचे बोट धरावे लागते.

हादऱ्यांचा प्रश्न आणि पहिली उत्तरे

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या पायट्यांच्या सायकलीला इंग्रजांनी ‘हाडे खिळखिळी करणारी’ असे नाव दिले. लाकडी चाके आणि त्यांवर लोखंडी धाव, अशी तिची रचना होती. दगडी फरसबंदीवर ती काय करीत असेल हे वेगळे सांगण्याची गरज नाही. तथापि एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या सायकलीचा लोखंडी कणा ताठ होता. परंतु बसण्याची गादी त्या कण्यावर थेट बसविलेली नव्हती. ती एका लांब पोलादी पट्टीच्या स्प्रिंगवर तोललेली होती. म्हणजे सांगाडा न लवविता, सांगाडा आणि माणूस यांच्यामध्ये लवणारी वस्तू ठेवण्याची युक्ती सायकलीच्या जन्मापासूनच ज्ञात होती. आपल्याकडील काळ्या रोडस्टर सायकलीच्या सीटखालील गुंडाळीच्या स्प्रिंगा ही त्याच युक्तीची पुढील पिढी म्हणता येईल.

१८८५ मध्ये कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल आली आणि चाके लहान झाली. मोठे चाक खड्ड्यावरून सहज जाते, लहान चाक त्यात उतरते. त्यामुळे हादऱ्यांचा प्रश्न अधिक तीव्र झाला. त्याच वर्षी लंडनच्या लिन्ली अँड बिग्ज यांनी ‘व्हिपेट’ ही सायकल तयार केली. तिच्यात गादी, पायटे आणि हँडल यांचा त्रिकोण परस्परांशी घट्ट जोडलेला असून हा संपूर्ण त्रिकोण चाकांपासून स्प्रिंगने वेगळा केला होता. या रचनेमागील विचार अत्यंत स्पष्ट आहे. स्वाराच्या शरीराला ज्या तीन ठिकाणी आधार मिळतो त्यांतील अंतर बदलता कामा नये. बदल व्हायचा तो जमीन आणि हा त्रिकोण यांच्यामध्ये व्हावा.

१८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी ही कल्पना १८४५ मध्येच मांडली होती. परंतु सायकलीमुळेच ती व्यवहारात रुजली. हवेचा टायर हलका, स्वस्त आणि प्रभावी ठरल्यामुळे स्प्रिंगच्या सांगाड्यांची गरज थोड्याच वर्षांत ओसरली. १८९६ मध्ये आर्चिबाल्ड शार्प यांनी सायकलीच्या रचनेवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तोपर्यंत हिऱ्याच्या आकाराचा ताठ सांगाडा आणि हवेचे टायर ही जोडी सर्वमान्य होत आली होती. व्हिपेटमागील विचार चुकीचा ठरला नव्हता. तो केवळ विस्मरणात गेला.

वेलोकार आणि १९३४ ची व्याख्या

रेलून बसण्याच्या सायकलीचे प्रयोग १८९० च्या दशकापासून आढळतात. १९२० च्या दशकाच्या आरंभी झेपेलिन वायुनौकांच्या वायुगतिकीवर काम करणारे पॉल याराय यांनी जर्मनीत अशा सायकलीची निर्मिती केली. मात्र या प्रकाराला खरी प्रसिद्धी मिळाली ती फ्रान्समधील चार्ल्स मोशे यांच्या ‘वेलोकार’मुळे. मोशे यांनी प्रथम पायट्यांनी चालणारी चारचाकी गाडी तयार केली आणि पुढे तिचेच दुचाकी रूप साकारले. लहान चाके, लांब सांगाडा आणि पाठ टेकण्याचे रुंद आसन ही त्याची ठळक लक्षणे होत.

७ जुलै १९३३ रोजी पॅरिस येथे फ्रान्सिस फोर या दुसऱ्या श्रेणीतील मानल्या जाणाऱ्या खेळाडूने या सायकलीवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. ऑस्कर एग यांचा १९१४ पासून अबाधित असलेला ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम त्यामुळे मागे पडला. त्याच वर्षी २९ ऑगस्ट रोजी मॉरिस रिशार यांनी नेहमीच्या सायकलीवर ४४.७७७ किलोमीटर अंतर कापले. यांपैकी कोणता विक्रम ग्राह्य धरावयाचा, असा पेच आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेसमोर उभा राहिला.

हा पेच संघटनेने १९३४ मध्ये व्याख्येच्या साहाय्याने सोडविला. पायट्यांच्या आसाची जमिनीपासूनची उंची २४ ते ३० सेंटिमीटर असावी, गादीचे टोक त्या आसाच्या मागे १२ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावे, अशा मोजमापांनी ‘सायकल’ म्हणजे काय हे ठरविले गेले. वेलोकार या व्याख्येत बसत नव्हती. रिशार यांचा विक्रम मान्य झाला आणि फोर यांच्या विक्रमाला वेगळ्या वर्गात स्थान मिळाले. मोशे यांचे निधनही १९३४ मध्येच झाले.

या निर्णयाचा अर्थ केवळ एका विक्रमापुरता मर्यादित नाही. त्या काळात सायकलीच्या तंत्राची प्रगती स्पर्धांच्या आश्रयाने होत असे. स्पर्धेत जे वापरले जाई ते कारखानदार बनवीत आणि जे बनविले जाई त्याची चाचणी हजारो स्वारांच्या अनुभवातून होई. रिकंबंट या चक्राबाहेर फेकली गेली. वेगाची चर्चा निदान विक्रमांच्या निमित्ताने टिकून राहिली. १९३९ मध्ये फोर यांनी आच्छादित वेलोकारवर तासाभरात ५० किलोमीटरची मर्यादाही ओलांडली. परंतु आसन कसे असावे, मागचे चाक कसे धरावे, हादरे कोठे शोषून घ्यावेत, याविषयीचे कारखान्यात साचत जाणारे दैनंदिन शहाणपण साचलेच नाही.

पुन्हा आरंभ : प्राध्यापक आणि हौशी कारागीर

१९६२ मध्ये इंग्लंडमधील ॲलेक्स मोल्टन यांनी लहान चाकांची, पुढे व मागे सस्पेन्शन असलेली सायकल बाजारात आणली. ‘मिनी’ या मोटारीच्या रबरी सस्पेन्शनचे रचनाकार म्हणून ते पूर्वीच ख्यातकीर्त होते. लहान चाके आणि उच्च दाबाचे टायर वेगाला पोषक असतात. त्यांतून येणारे हादरे सस्पेन्शनने शोषावेत आणि सांगाडा मात्र ताठच ठेवावा, ही त्यांची भूमिका होती. म्हणजे ७७ वर्षांनी व्हिपेटचेच तत्त्व नव्याने मांडले गेले. मोल्टन यांची सायकल रिकंबंट नव्हती. तथापि लहान चाकांच्या प्रत्येक वाहनाला तिने दिलेला धडा लागू पडणारा होता.

रिकंबंटच्या पुनरुज्जीवनात महाविद्यालयीन अध्यापकांचा वाटा विशेष उल्लेखनीय आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील प्राध्यापक डेव्हिड गॉर्डन विल्सन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस मानवी शक्तीवर चालणाऱ्या वाहनांच्या रचनेची स्पर्धा घडवून आणली. फ्रँक व्हिट यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला ‘बायसिकलिंग सायन्स’ हा ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातील प्राध्यापक चेस्टर काइल यांनी जॅक लॅम्बी यांच्यासह १९७५ मध्ये कोणत्याही रचनेला मज्जाव नसलेली वेगाची स्पर्धा भरविली आणि १९७६ मध्ये मानवशक्ती-चलित वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ‘ह्यूमन पॉवर’ या तिच्या नियतकालिकाचे संपादन विल्सन यांनी अनेक वर्षे केले. सायकल म्हणजे काय हे अगोदर ठरवून न टाकता, माणसाच्या बळावर काय काय चालू शकते हे पाहण्याची ही वृत्ती होती.

तरीही बहुसंख्य रिकंबंट घरीच बांधल्या जात राहिल्या. जुन्या सायकलीचा मागचा त्रिकोण कापून घ्यायचा, तो चौकोनी पोलादी नळीला जोडायचा, पुढे पायट्यांचा आस बसवायचा, अशी ही सर्वपरिचित रीत आहे. येथे मुख्य प्रश्न उपस्थित होतो. उभ्या बैठकीच्या सायकलीतून कापून घेतलेला तो त्रिकोण रेलून बसलेल्या माणसाच्या पाठीखाली कसा वागतो?

मागील चौकटीचे गणित

नेहमीच्या सायकलीचा स्वार खड्डा दिसताच पायट्यांवर उभा राहतो. त्याचे गुडघे आणि कोपर हेच त्याचे सस्पेन्शन असते. रेलून बसलेल्या स्वाराला उभे राहता येत नाही. मागचे चाक खड्ड्यात आदळले की हादरा आसनातून थेट धडात जातो. म्हणून मागील चौकटीचा प्रश्न रिकंबंटमध्ये अधिक महत्त्वाचा ठरतो.

मागच्या त्रिकोणातील नळ्या मुख्यतः दाब आणि ताण सहन करतात. त्या वाकत नाहीत. १६ मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची आणि अर्धा मीटर लांबीची पोलादी नळी ५०० न्यूटन दाबाखाली मिलिमीटरच्या केवळ तीन शतांश इतकी आखडते. याउलट मध्यम रुंदीचा हवेचा टायर स्वाराच्या वजनाने सुमारे ५ मिलिमीटर दबतो. एकापाठोपाठ एक जोडलेल्या स्प्रिंगांमध्ये जी सर्वांत मऊ असते तीच एकूण परिणाम ठरविते. तेव्हा त्रिकोणाच्या नळ्या पोलादाच्या की ॲल्युमिनियमच्या, यावर बराच वाद घातला जात असला तरी उभ्या दिशेच्या आरामात त्याने पडणारा फरक टायरमधील हवेच्या तुलनेत नगण्य आहे.

मुख्य नळीची गोष्ट वेगळी आहे. ती तुळईप्रमाणे वाकते. दोन टोकांवर टेकलेली, दीड मीटर लांबीची, ३८ मिलिमीटर चौकोनी आणि १.६ मिलिमीटर जाडीची पोलादी नळी मध्यभागी ७०० न्यूटन भार ठेवल्यास जवळपास ५ मिलिमीटर लवते. तीच नळी ५० मिलिमीटरची घेतल्यास हे लवणे २ मिलिमीटरवर येते. लांबी वाढली की लवणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे लांब रिकंबंट मऊ वाटते हा अनुभव खोटा नाही.

परंतु मऊ वाटणे आणि आराम मिळणे यांत भेद आहे. भाराखाली टायर व नळी मिळून १० मिलिमीटर दबत असतील तर त्यांवरील वस्तुमान दर सेकंदास सुमारे ५ वेळा आंदोलते. बसलेल्या मानवी धडाला उभ्या दिशेची ४ ते ८ हर्ट्झची कंपने सर्वाधिक जाचक वाटतात, हे शरीर-कंपनांच्या अभ्यासातून प्रस्थापित झालेले आहे. म्हणजे सांगाडा थोडासा लवचीक करून कारागीर नकळत आपल्या सायकलीला नेमक्या या जाचक पट्ट्यात अडकवून ठेवतो. शिवाय पोलादी नळी स्प्रिंगप्रमाणे उसळते, पण आंदोलन शमवीत नाही. या पट्ट्याच्या खाली, म्हणजे ३ हर्ट्झच्या आसपास यायचे असेल तर सुमारे ३० मिलिमीटर दबणे आवश्यक आहे. असे लवणे नळीकडून अपेक्षिणे म्हणजे जोडावर तडा ओढवून घेणे होय.

दुसरा भेद दिशेचा आहे. रेलून बसलेला स्वार पाठीचा आधार घेऊन पायट्यांवर मोठा जोर देऊ शकतो. ६०० न्यूटनचा जोर, १७० मिलिमीटरची क्रँक आणि ५२ दात्यांचे चक्र धरल्यास साखळीत सुमारे ९७० न्यूटन ताण निर्माण होतो. साखळी सायकलीच्या मध्यरेषेपासून ४४ मिलिमीटरच्या आसपास एका बाजूला असते. साहजिकच मागची चौकट प्रत्येक दाबासरशी आडव्या दिशेने वाकविली जाते. त्रिकोणाच्या वरच्या नळ्या काढून टाकून मागचा भाग मऊ करू पाहणारा कारागीर उभ्या दिशेने थोडे मिळवितो, पण आडव्या आणि पिळाच्या दिशेने बरेच गमावतो. वळणावर अशी सायकल शेपूट हलवू लागते.

कारागिरांनी शोधलेले मार्ग

घरगुती कारागिरांनी या अडचणीतून प्रामुख्याने तीन मार्ग काढले. पहिला मार्ग रुंद आणि कमी दाबाच्या टायरचा. तो सर्वांत स्वस्त असून त्यासाठी काहीही कापावे लागत नाही.

दुसरा मार्ग आसनाचा. नळीच्या चौकटीवर दोरीने ताणून बसविलेले जाळीचे कापड स्वाराच्या पाठीचा भार विस्तृत क्षेत्रावर पसरविते आणि काही प्रमाणात खाली दबते. दोरी सैल किंवा घट्ट करून हे दबणे स्वाराच्या वजनानुसार बदलताही येते. मिशो यांच्या पोलादी पट्टीची जागा येथे जाळीने घेतली आहे, इतकेच.

तिसरा मार्ग मागचे चाक बिजागरीवर तोलण्याचा. मागचा त्रिकोण ताठच ठेवायचा, मात्र तो मुख्य नळीला न जोडता एका आसावर फिरता ठेवायचा आणि मध्ये स्प्रिंग व शामक बसवायचा. येथे नवी अडचण निर्माण होते. मिनिटाला ९० फेऱ्या मारणारा स्वार दोन पायांनी सेकंदाला ३ ठोके देतो. मऊ सस्पेन्शनची नैसर्गिक गतीही जवळपास तेवढीच असते. साखळीचा ताण जर बिजागरी फिरवू शकत असेल, तर सायकल पायट्यांच्या तालावर डुलू लागते. रिकंबंटमध्ये साखळी लांब असल्याने ती मध्ये एका पुलीवरून न्यावी लागते. ही पुली बिजागरीच्या आसाजवळ बसविल्यास साखळीचा ताण आसाजवळून जातो आणि त्याचे फिरविण्याचे बळ उरत नाही. लांब साखळी हा रिकंबंटचा दोष मानला जातो. अनुभवी कारागिराने त्याच दोषाचा असा उपयोग करून घेतला.

निष्कर्ष

१) मागील चौकटीची दृढता आणि स्वाराचा आराम परस्परविरोधी आहेत ही समजूत तपासणीत टिकत नाही. आराम हा सांगाड्याच्या दुबळेपणातून नव्हे, तर सांगाडा आणि माणूस किंवा सांगाडा आणि जमीन यांमधील स्वतंत्र घटकांतून मिळतो.
२) मिशो यांची पट्टी, व्हिपेट, मोल्टन आणि हौशी कारागिरांची बिजागरी या सर्वांनी, कमी-अधिक प्रमाणात, हेच उत्तर दिलेले आहे.
३) हे उत्तर पुनःपुन्हा शोधावे लागले. हवेच्या टायरमुळे ते एकदा विस्मरणात गेले आणि १९३४ च्या व्याख्येमुळे रिकंबंटच्या बाबतीत त्याच्या संक्रमणाची वाटच खुंटली.
४) रिकंबंटचे ज्ञान टिकले ते काही प्राध्यापक, एक नियतकालिक आणि असंख्य अनाम कारागीर यांच्यामुळे.

समारोप

व्याख्या ही ज्ञानव्यवहाराची गरज आहे. स्पर्धा न्याय्य व्हावी यासाठी संघटनेला नियम करणे भाग होते, हेही मान्य केले पाहिजे. परंतु व्याख्येबाहेर गेलेल्या वस्तूचा अभ्यासही जेव्हा थांबतो, तेव्हा तिची किंमत कोणीतरी मोजतच असते. येथे ती अक्षरशः स्वतःच्या पाठीने मोजली गेली. आवारात नळ्या जोडणाऱ्या प्रत्येक कारागिराने मागचा भाग मऊ करून पाहिला, तडा गेलेला जोड पुन्हा भरला आणि अखेर १८८५ मध्ये व्हिपेटच्या रचनाकारांना जे ठाऊक होते तेथे तो येऊन पोहोचला.

आपल्या महाविद्यालयांतही विषयांच्या सीमा मोजपट्टीने आखलेल्या असतात. इतिहासाचा विद्यार्थी कार्यशाळेत जात नाही आणि कार्यशाळेत काम करणाऱ्याला आपल्या हातातील नळीला इतिहास आहे हे कोणी सांगत नाही. विल्सन आणि काइल यांनी अध्यापक या नात्याने काही मोठे यंत्र उभारले नव्हते. त्यांनी इतरांनी केलेले प्रयोग नोंदविले, छापले आणि एकमेकांपर्यंत पोहोचविले. हे काम कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहे आणि त्याकडे पाहिले जावे, एवढीच या निबंधाची अपेक्षा आहे.